तारीख पुढे गेली म्हणून धीर सोडू नका
(घोडपदेव येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण नेहमीचा धडा बाजूला ठेवू. आज एका कागदाविषयी बोलू. तो कागद इस्पितळाचा असतो. त्यावर दोन ओळी असतात. ‘कोविडची तपासणी पॉझिटिव्ह. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.’

ओळी दोनच. पण ज्याच्या हातात तो कागद पडतो, त्याच्या घरी काय चालले असते? घरात कोणाला तरी कर्करोग झालेला असतो. आपण त्याला कॅन्सर म्हणतो. दहा तपासण्या होऊन ऑपरेशनची तारीख मिळालेली असते. रजा टाकलेली असते. पैशांची जुळवाजुळव झालेली असते. सोबतीला गावाहून बहीण नाहीतर भावजय आलेली असते. रोग्याने मनाची कशीबशी तयारी केलेली असते. आणि ऐन वेळी हा कागद येतो. पायांखालची वाळू सरकते. माणूस म्हणतो, ‘आता संपलं. डॉक्टरांनी हात वर केले.’

मंडळी, आमचे सांगणे एवढेच आहे की, पुढे ढकलणे म्हणजे सोडून देणे नव्हे. ती मधली मुदत हासुद्धा औषधोपचाराचाच एक भाग आहे. त्या मुदतीत रोग्याला काम आहे, घरच्यांना काम आहे आणि डॉक्टरांनाही काम आहे. ते काम कोणते, ते आज पाहू.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, कोविड तर कधीच गेला. आता त्याचं काय?’ कोविडची आणीबाणी संपली हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी तसे जाहीर केले. पण तो रोग काही जग सोडून गेला नाही. अधूनमधून डोके वर काढतोच. शिवाय ऑपरेशन एका कोविडनेच पुढे जाते असेही नाही. ताप असतो, खोकला असतो, साखर वाढलेली असते, अंगात रक्त कमी असते. कोविडचा धडा नीट समजला, म्हणजे बाकीचेही समजतील.

परळचे इस्पितळ

आपल्या घोडपदेवाहून परळ काही लांब नाही. तेथल्या टाटा इस्पितळाचे नाव ऐकले नाही, असा माणूस आपल्या वस्तीत सापडायचा नाही. ते इस्पितळ कसे निघाले? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीने कर्करोगासाठी वेगळे इस्पितळ उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले. १९६२ सालापासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येतात. जवळच्या फुटपाथावर पथारी टाकून बसलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील.

आता २०२० साल आठवा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्याआधीच लोकलगाड्या थांबल्या होत्या. सगळ्या मुंबईच्या तोंडाला फडके लागले. त्या काळात कर्करोगाच्या रोग्यांचे काय झाले? देशातील ४१ कर्करोग केंद्रांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रोग्यांची नोंद आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. मोठी ऑपरेशने ४९ टक्क्यांनी घटली. म्हणजे सगळे काम निम्म्यावर आले.

रोग निम्म्यावर आला होता काय? नाही. माणसे घरात अडकली होती.

अशा दिवसांतही परळचे इस्पितळ चालू राहिले. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तेथल्या डॉक्टरांनी आधी ठरवलेली ४९४ ऑपरेशने केली. त्यांतला एकही रोगी ऑपरेशनमुळे दगावला नाही. सहा जणांना ऑपरेशननंतर कोविड असल्याचे निघाले. तेही बरे झाले. हा हिशेब त्या डॉक्टरांनी जगापुढे मांडला.

ही माहिती आम्ही मुद्दाम सांगितली. डॉक्टरांना काम टाळायचे असते, तर टाळेबंदीइतके चांगले निमित्त दुसरे कोणते होते? त्यांनी ते घेतले नाही. मग असे डॉक्टर जेव्हा एखाद्या कोविड झालेल्या रोग्याला ‘थांबा’ म्हणतात, तेव्हा त्याला काही कारण असले पाहिजे.

थांबायचे कशासाठी?

कारणे तीन आहेत.

पहिले कारण फुप्फुसांचे. मोठे ऑपरेशन करताना रोग्याला पूर्ण भूल देतात. घशातून नळी घालतात आणि यंत्राने श्वास चालवतात. ऑपरेशन झाल्यावरही दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, जोराने खोकत नाही. कफ आत साठतो. निरोगी फुप्फुसे एवढे सोसतात. पण कोविडने फुप्फुसांना आधीच सूज आली असेल, तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

दुसरे कारण रक्ताचे. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल असतो. कर्करोगातही असतो. आणि ऑपरेशननंतर खाटेवर पडून राहिल्यानेही असतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर पायात झालेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते. मग जिवावर बेतते.

तिसरे कारण शेजारच्या खाटेचे. त्या खाटेवरच्या माणसाला कर्करोगाची कडक औषधे चालू असतात. त्याच्या रक्तातील रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. आपल्याला जो कोविड नुसत्या घसादुखीवर निभावतो, तो त्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून कोविड झालेला लपवून वॉर्डात शिरणे हे पाप आहे. आम्ही हा शब्द जपून वापरतो, पण येथे तोच शब्द बरोबर आहे.

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतील डॉक्टरांनी मिळून एक पाहणी केली. ऑपरेशन झालेल्या १,४०,२३१ रोग्यांची माहिती गोळा केली. त्यांपैकी ३,१२७ जणांना ऑपरेशनच्या आधी कधीतरी कोविड झाला होता. वय, इतर रोग वगैरे लक्षात घेऊन त्यांनी असा हिशेब काढला:

कोविड झालाच नव्हता, अशा हजार माणसांत ऑपरेशननंतर महिन्याभरात १५ दगावली.
कोविड झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झाले, तर हजारांत ४१.
तीन ते चार आठवड्यांत झाले, तर हजारांत ३९.
पाच ते सहा आठवड्यांत झाले, तर हजारांत ३६.
सात आठवडे उलटल्यावर झाले, तर पुन्हा १५.

आकडे तुम्हीच वाचा. सात आठवडे थांबलेला माणूस, कोविड न झालेल्या माणसाच्या बरोबरीला आला. मात्र सात आठवड्यांनंतरही ज्यांचा खोकला किंवा दम गेला नव्हता, त्यांच्यात हजारी ६० दगावले. म्हणजे नुसते दिवस मोजून भागत नाही. माणूस बरा झाला का, हेही पाहावे लागते.

ही पाहणी लस येण्याच्या आधीची आहे. पुढे बहुतेकांनी लस घेतली. विषाणूचे रूपही बदलले. आजार सौम्य होऊ लागला. तेव्हा सात आठवड्यांचा नियम आता सरसकट लावत नाहीत. २०२३ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी सांगितले की, तातडी नसलेले ऑपरेशन दोन आठवड्यांच्या आत करू नये. दोन ते सात आठवडे या काळात प्रत्येक रोग्याचा वेगळा विचार करावा. म्हणून शेजाऱ्याला किती दिवस थांबवले, ते पाहून आपले दिवस मोजू नयेत.

पण किती थांबायचे?

आता दुसरी बाजू पाहू. थांबणे फुकट नसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, कर्करोगाचे ऑपरेशन चार आठवडे लांबले, तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हे ऐकून घाबरू नका. शंभरातली सहा-आठ माणसे जास्त मरतात, असा याचा अर्थ नाही. समजा, एखाद्या जातीच्या कर्करोगात हजारांपैकी २०० माणसे दगावणार होती. चार आठवड्यांच्या उशिराने ती सुमारे २१२ ते २१६ होतील. धोका थोडा आहे. पण आहे. आणि चाराचे आठ, आठाचे बारा आठवडे झाले, की तो वाढत जातो.

तुमच्यापैकी पुष्कळांची गावे घाटावर आहेत, काहींची कोकणात आहेत. शेती तुम्हाला आम्ही शिकवायला नको. पाऊस पडला म्हणून शेतकरी त्याच दिवशी चिखलात तिफण घालत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. पण वाफसा आल्यावर मात्र तो घरात बसत नाही. बसला, तर जमीन वाळते आणि पेरणी हुकते. ऑपरेशनचेही असेच आहे. लवकर केले तरी धोका, फार उशिरा केले तरी धोका. मधला वाफसा ओळखणे हे डॉक्टरांचे काम. वाफसा हुकू न देणे हे आपले काम.

काही रोग्यांना मात्र थांबवताच येत नाही. आतडे बंद पडले, रक्त थांबत नाही, श्वासाची वाट दाबली जात आहे, अशा वेळी कोविड असला तरी डॉक्टर पूर्ण काळजी घेऊन ऑपरेशन करतात. आणि ज्यांना थांबवतात, त्यांतल्या काहींना मधल्या काळात औषध देता येते. स्तनाच्या काही गाठी अशा असतात, की रोजच्या गोळीने त्यांची वाढ रोखून धरता येते. काही कर्करोगांत कडक औषधे आधी आणि ऑपरेशन मागून, असा क्रम लावता येतो. ते गाठीच्या जातीवर अवलंबून आहे.

आमच्या घरची गोष्ट

हे सगळे आम्ही पुस्तकातले बोलत नाही. २०२२ सालच्या जानेवारीत मुंबईत कोविडची तिसरी लाट आली. दिवसाला वीस हजारांच्या घरात रोगी निघत होते. त्याच महिन्यात आमच्या सौ.च्या स्तनातील गाठीचे ऑपरेशन ठरले होते. दोन दिवस आधी तपासणी झाली. त्यांचा घसा थोडा खवखवत होता, एवढेच. निकाल आला पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणाले, “बाई, सध्या ऑपरेशन नको. चार-पाच आठवडे थांबू.”

सौ. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मी थांबेन हो. पण गाठ थांबेल का?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि सांगितले, “ही गाठ एका रात्रीत आलेली नाही. ती वाढायला पुष्कळ काळ गेला आहे. काही आठवड्यांत ती हाताबाहेर जाईल असं मला वाटत नाही. वाटलं असतं, तर मी तुम्हाला थांबवलं नसतं. तिची जात पाहून मी रोज एक गोळी देतो. आणि काही महिने मी तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही.”

सौ.ना बोलणे पटले. पण पटणे वेगळे आणि झोप लागणे वेगळे. दिवस कामात जाई. रात्री त्यांचा हात आपोआप गाठीवर जाई. ‘वाढली का? कालच्यापेक्षा मोठी लागते का?’ असे चाले. फोनवर डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “रोज चाचपून काही कळत नाही. उलट मन चाचपडत राहतं. मी पुढच्या भेटीत मोजेन. तोवर हात लावू नका.”

एका रात्री दोनच्या सुमाराला सौ. उठून बसल्या. म्हणाल्या, “अहो, आधी मला ऑपरेशनची भीती वाटत होती. आता ते होत नाही याची वाटते.”

यावर काय उत्तर देणार? आम्ही दिवा लावला. चहा टाकला. वही काढली आणि दोघांनी मिळून उरलेले दिवस मोजले. एकोणीस निघाले. सौ. म्हणाल्या, “एकोणीस म्हणजे मोजता येण्यासारखे आहेत.” मग त्या निजल्या.

मंडळी, न मोजलेले दुःख फार मोठे असते. आकडा लिहिला, की ते हाताच्या मापात येते. तुम्ही या वर्गात आकडे शिकता, ते यासाठीही शिकता.

पुढे ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झाले. पुढची औषधे झाली. अजूनही त्या नेमाने तपासणीला जातात. सगळ्यांचे असेच होईल, असे वचन आम्ही देणार नाही. तसे वचन कोणीच देऊ शकत नाही. पण मधले दिवस कसे काढावे, हे मात्र सांगता येते.

मधल्या दिवसांतली कामे

पहिले काम. विचारा आणि लिहून घ्या. कागद हातात घेऊन रडत दाराबाहेर येऊ नका. एका साध्या वहीत पाच प्रश्न लिहून न्या.

१) पुढची तारीख कोणती? ती ठरली नसेल, तर कोण कळवणार आणि कधीपर्यंत?
२) काही विचारायचे झाले, तर कोणत्या नंबरावर फोन करायचा?
३) कोणती औषधे चालू ठेवायची? कोणती बंद करायची?
४) काय झाले, तर थांबायचे नाही, ताबडतोब यायचे?
५) ऑपरेशनच्या आधी कोणत्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील?

उत्तरे त्यांच्यासमोर लिहा. लिहिता येत नसेल, तर तिथल्या परिचारिकेला लिहून द्यायला सांगा. लाज धरू नका. रक्त पातळ करणारी गोळी किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, की आपल्या मनाने चालूही करू नका.

उपचार सरकारच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून होणार असेल, तर इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटा. तारीख बदलल्यामुळे मंजुरीचे कागद पुन्हा करावे लागतील का, ते विचारा. ऐन वेळी कागदावरून अडायला नको.

दुसरे काम. आधी कोविडमधून बरे व्हा. घरात वेगळे निजा. खोलीच एक असेल, तर खिडकी उघडी ठेवा, तोंडाला मास्क लावा, ताटवाटी वेगळी ठेवा. बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र मिळाले, तर दिवसातून दोनतीनदा पाहा. आकडा ९४ च्या खाली गेला, दम लागला, छातीत दुखले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर वाट न पाहता इस्पितळ गाठा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोग बरा झाल्यावरही काही जणांची तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. मेलेल्या विषाणूचे अवशेष त्यात सापडतात. तेव्हा रोज पैसे भरून तपासणी करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

तिसरे काम. अंगात ताकद साठवा. ऑपरेशनची जखम भरायला अंगात माल लागतो. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, उसळ, दूध-दही असू द्या. खात असाल, तर अंडी आणि मासळी घ्या. मटकीला मोड आणायला काही पैसे पडत नाहीत. नुसता वरणभात खाऊन आणि ‘रोग्याला हलके’ म्हणून पेज पिऊन ताकद येत नाही. मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजार असेल, त्याने मात्र आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.

ताप उतरला, की खाट सोडा. आधी खोलीत, मग चाळीच्या गॅलरीत, मग जमेल तसे खाली चाला. दम लागला, की थांबा. उद्या दोन पावले जास्त चाला. पुष्कळ इस्पितळांतून श्वासाचे एक लहान यंत्र देतात. त्यात तीन रंगीत चेंडू असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो, म्हणजे चेंडू वर जातात. पुष्कळ लोक त्यात फुंकर मारतात. ती बासरी नव्हे. फुंकायचे नाही, ओढायचे. आमच्या सौ. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलू शकल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन चेंडू वर जाऊ लागले, तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा त्यांना आनंद झाला.

आणि बिडी, तंबाखू, मिश्री बंद. आज बंद. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी जो धूम्रपान सोडतो, त्याची जखम आणि फुप्फुसे चांगली साथ देतात. जे चार आठवडे तुमच्यावर येऊन पडले, ते येथे उपयोगी लावा.

चौथे काम. मन सांभाळा. रोग्यापुढे सारखे ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणू नका. त्याला ठाऊक असते, काय होते ते. त्याला बोलू द्या. ऐका. घरातले एखादे नेहमीचे काम त्याच्याकडे राहू द्या. शेंगा सोलायच्या असोत, नातवाचा अभ्यास घ्यायचा असो. रोगी झाला म्हणून माणूस घरातून वजा होत नाही. नातेवाइकांचे फोन फार येत असतील, तर घरातल्या एकाने ते घ्यावेत. आणि जो सोबत जागतो, त्यालाही आळीपाळीने झोप मिळू द्या. रात्र रात्र झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. मनाचे दुखणे हे काही नाटक नव्हे.

पाचवे काम. मधल्या वाटेला फसू नका. तारीख लांबली, की सल्लागार गोळा होतात. कोणी झाडपाला सुचवतो. कोणी म्हणतो, ‘सुरी लावली की रोग पसरतो.’ हे खोटे आहे. घराण्यातला देव, उपासतापास, प्रार्थना ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. त्याने मनाला बळ येत असेल, तर जरूर करा. पण उपास करून ताकद घालवू नका. आणि डॉक्टरांची गोळी सोडून पुडीवाल्याची पुडी घेऊ नका. पुडीत काय आहे, ते पुडीवाल्यालाही सांगता येत नाही. कधी तिच्यामुळे यकृत बिघडते आणि ऑपरेशन पुन्हा लांबते.

सहावे काम, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. तारखेचा पाठपुरावा करा. मोठ्या इस्पितळात हजारो रोगी असतात. कागद खाली जाऊ शकतो. ‘ते बोलावतील’ म्हणून स्वस्थ बसू नका. ठरलेल्या दिवसापर्यंत फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी आपण करा. भांडायचे नाही. गोड आवाजात केस नंबर सांगायचा, कोविड झाल्याची तारीख सांगायची आणि विचारायचे, “आता आम्ही बरे आहोत. पुढची तारीख कधी?” कोण बोलले, काय बोलले, ते वहीत लिहायचे. आमच्याकडेही ठरल्या दिवशी फोन आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही केला. तिसऱ्या दिवशी तारीख मिळाली.

गाठ एकदम वाढली, रक्त जाऊ लागले, गिळता येईना, उलट्या होऊन शौचाला होईना, असे काही झाले, तर मात्र फोनवर थांबू नका. सरळ इस्पितळ गाठा.

परगावाहून आलेल्या रोग्यांची अडचण आपल्याहून मोठी असते. तारीख लांबली, तर राहायचे कोठे? त्यांनी इस्पितळाच्या समाजसेवा विभागात जावे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ती कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. आपल्या गावाकडचे कोणी आले, तर त्यांना ही वाट दाखवा. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने एकदा त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत जावे. तेवढ्यानेही मोठे काम होते.

उद्याचा अभ्यास

आता उद्याचा अभ्यास सांगतो. प्रत्येकाने वहीचे एक कोरे पान घ्यावे. वर घरातील एका माणसाचे नाव लिहावे. कोणीही चालेल, निरोगी असले तरी चालेल. त्याखाली त्याचे वय, त्याचा रक्तगट, त्याला चालू असलेली औषधे आणि वेळेला धावून येणाऱ्या दोन माणसांचे फोन नंबर लिहावेत. मग आज सांगितलेले पाच प्रश्न त्याखाली उतरवून काढावेत. शुद्धलेखन आम्ही तपासू. चुकले तर दुरुस्त करू.

ते पान फाडू नका. त्याची गरज तुम्हाला कधीच न पडो. आणि पडलीच, तर ते पान घेऊन डॉक्टरांपुढे सरळ उभे राहा आणि एकेक प्रश्न वाचून विचारा.